डाव्या हाताचं इंजिन

मालनबाई त्या दिवशी घराबाहेर पडल्या होत्या त्या फक्त करड्या दोऱ्याच्या लडी आणायला. डोंबिवली स्टेशनजवळच्या गल्लीतल्या त्या दुकानात करड्या रंगाच्याच इतक्या छटा मिळतात की नवखं माणूस गोंधळून पांढरा दोरा घेऊन परत येईल. मालनबाईंचं तसं नव्हतं. ढगाचा करडा वेगळा, विमानाच्या पोटाचा वेगळा, पंखाखालच्या सावलीचा वेगळा, हे त्यांना लांबूनही ओळखू येई. दुकानदाराने काढून दिलेल्या लडी त्यांनी दारात उन्हात नेऊन पारखल्या, निम्म्या परत केल्या आणि त्याच्याकडे बघून हसल्या. दुकानदार हसला नाही. त्याला सवय होती.

बाकीच्या बायका मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने गुलाब भरतात, मोर भरतात, फार तर गणपती. मालनबाई विमानं भरायच्या. तीही आजची नव्हेत. एकावर एक दोन पंखांची, नाकाला लाकडी पंखा असलेली, आता फक्त संग्रहालयात उभी असलेली जुनी विमानं. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर काचेच्या चौकटींत ती ओळीने लागलेली होती. नवा पाहुणा हातातला चहा निवेपर्यंत बघत राही, आणि मालनबाईंना ते फार आवडे. का आवडू नये? एकेका विमानापायी वर्ष जातं आणि मानेचा खुळखुळा होतो.

पण पाहुण्यांच्या कौतुकाने त्यांचं पोट भरत नसे. त्यांना कौतुक हवं होतं ते एकाच माणसाचं, आणि तो माणूस घरातच आरामखुर्चीत बसलेला असे.

साईनाथराव तरुणपणी हवाई दलात इंजिन फिटर होते. डाकोटा नावाच्या दोन इंजिनांच्या विमानाखाली त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि त्या इंजिनांनीच त्यांचे कान खाल्ले. आता शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी त्यांना पत्ता नसे. लेकीने आणून दिलेलं ऐकण्याचं यंत्र टेबलाच्या खणात पडून होतं. मालनबाईंनी विमानं भरायला घेतली ती या माणसासाठी. नवीन विमान भिंतीवर लागलं की साईनाथराव हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे राहत, नाक काचेला लागेपर्यंत वाकत आणि म्हणत, "छान आहे. रिव्हेटच्या ओळी बरोबर आल्यात." मग चहा मागत. एकदा फक्त एवढं म्हणाले होते, "सगळी विमानं रिकामी का गं तुझी? आत माणूस नाही कुणी."

माणसाचं डोकं म्हणजे दोन-चार टाके. त्याने विमानाच्या रेषा बिघडतात, असं मालनबाईंचं मत होतं. पण रिव्हेटच्या पलीकडचा एक शब्द या माणसाच्या तोंडून निघावा म्हणून त्या पुढचं विमान भरायला घेत.

तो शब्द निघाला, पण दुसरीच्या विमानासाठी.

ठाण्याला नौपाड्यात भरतकाम करणाऱ्या बायकांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये जमायचं, एकमेकींची कामं बघायची, वडे खायचे आणि घरी जायचं. तिथे व्हेरोनिका आली. ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली, मोठ्या हाडापेराची, मोकळ्या गळ्याची, या वयातही काळ्याभोर केसांची बाई. तीही विमानं भरायची! मालनबाईंना आपल्या ताटात कुणी हात घातल्यासारखं वाटलं. वर ती डावखुरी. आता हे नीट ऐकून ठेवा. फुलीचा टाका म्हणजे दोन तिरके टाके, एकावर एक. उजव्या हाताच्या बाईचा वरचा टाका एका बाजूला कलतो, आणि व्हेरोनिकाचा नेमका उलट्या बाजूला कलायचा. त्यामुळे तिच्या कामावर उजेड वेगळाच पडे. मालनबाईंचं विमान कागदावर चिकटवल्यासारखं दिसे, आणि व्हेरोनिकाच्या विमानावर खरंच कुठून तरी ऊन आलेलं असे. आणि तिच्या प्रत्येक खिडकीत माणसं असत. इवलीशी डोकी, एकेका टाक्याची.

मंडळाचं प्रदर्शन भरलं तेव्हा साईनाथराव बायकोबरोबर गेले. व्हेरोनिकाच्या एका विमानासमोर ते हात मागे बांधून उभे राहिले, वाकले, आणि मोठ्याने, बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही तसं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे उडेल!"

मालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण व्हेरोनिकाने साईनाथरावांना खुर्ची दिली, ती त्यांच्या कानाशी वाकून डाकोटाबद्दल विचारत बसली, आणि हा घरी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस टेबलावर बोटाने इंजिन काढून तिला समजावत राहिला. डाकोटा! जे विमान मालनबाईंनी नवऱ्याच्या पंचाहत्तरीसाठी मनात राखून ठेवलं होतं. पुढच्याच महिन्यात व्हेरोनिकाने हसत हसत सांगितलं, "काय गो मालन, तुझ्या नवऱ्याचा डाकोटा मी भरायला घेतला. चालेल ना?"

"चालेल की," मालनबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांनी वडा खाल्ला नाही.

मंडळाची एक रीत आहे. मंडळ सुरू करणाऱ्या शकूताईंनी पाडलेली. काम पूर्ण होत आलं की एक घर रिकामं ठेवायचं, त्याच्या कडेला दोरा ओवलेली सुई टोचून ठेवायची, आणि तो शेवटचा टाका दुसरीच्या हातून घालून घ्यायचा. आपल्या कामाला आपलीच दृष्ट लागू नये म्हणून. मालनबाईंनी ही रीत कधीच पाळली नाही. आपल्या विमानाला दुसरीचा हात लागलेला त्यांना सोसवत नसे. शेवटचा टाका त्या घरीच घालायच्या आणि मंडळात सांगायच्या, "आमच्या ह्यांच्याकडून घालून घेतला." त्या बिचाऱ्याने जन्मात सुई धरली नव्हती.

डाकोटा पूर्ण होत आला आणि व्हेरोनिका आजारी पडली. दुखणं साधं नव्हतं. तिने फोन केला, आवाज खोल गेलेला. "मालन, शेवटचा टाका तुझा आहे गो. सुई ओवून ठेवलीय. ये एकदा."

"येते येते," मालनबाई म्हणाल्या. मग गुडघा दुखला. मग पाहुणे आले, जे आलेच नव्हते. पुन्हा फोन आला, पुन्हा काहीतरी निघालं. पूर्ण होऊ देत नाही जा, असं त्यांनी मनात कधी उच्चारलं नाही, पण पायांना ते ठाऊक होतं. व्हेरोनिका गेली. मालनबाई मातीला गेल्या, डोळ्यांना पदर लावला, आणि परतताना कळवा स्टेशन मागे पडताना त्यांच्या मनात आलं, सुंठीवाचून खोकला गेला. त्या स्वतःशीच दचकल्या. पण मनात आलं ते आलंच.

तर लडी घेऊन मालनबाई घरी आल्या, तेव्हा हॉलमध्ये व्हेरोनिकाचा मुलगा ज्यूड बसला होता. मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चपटं.

"आंटी, मम्मी बोललेली तुम्हालाच द्यायचं. एकच टाका बाकी आहे. तुम्ही घाला, मग मी नेतो. चर्चच्या हॉलमध्ये लावणार आहेत."

"घालते की रे बाळा. ठेव."

तो गेल्यावर मालनबाईंनी चादर सोडली. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, आणि कापडावर डाकोटा. खाली डोंगर, नदीचं वळण, वर ऑक्टोबरचं स्वच्छ आभाळ. खिडक्यांमधून डोकी दिसत होती. चालकाच्या खिडकीत एक घर रिकामं, आणि त्याच्याशी काळा दोरा ओवलेली सुई टोचलेली. कापडाला निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. व्हेरोनिका दुखऱ्या बोटांना ते तेल लावायची.

मालनबाईंनी कापड उलटं करून पाहिलं. कसलेल्या बाईची परीक्षा मागच्या बाजूला होते. एक गाठ नाही, एक दोरा लोंबत नाही. त्यांनी ते सुलटं केलं आणि टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं. सुईला हात लावला नाही. घालू उद्या, कुठे पळून जातंय?

दुपारी साईनाथराव जेवून उठले, टेबलाशी आले आणि थबकले. त्यांनी मान तिरकी केली. मग हाताचा पंजा कानामागे धरला.

"चालू आहे," ते म्हणाले.

"काय चालू आहे?" मालनबाई ओरडून म्हणाल्या.

"दोन्ही चालू आहेत. काय सुरेख आवाज आहे गं... किती वर्षांनी ऐकला."

मालनबाईंनी खण उघडून पाहिला. ऐकण्याचं यंत्र तिथेच पडलेलं होतं.

वय झालं, डोकं फिरलं, म्हणून त्यांनी सोडून दिलं. पण साईनाथरावांनी त्या दिवसापासून आरामखुर्ची ओढून टेबलाशी आणली. दुपारभर ते डोळे मिटून त्या विमानासमोर बसत, आणि त्यांच्या तोंडावर असं हसू असे, जे मालनबाईंनी लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं. चहा आणून ठेवला तर निवून जाई. हाक मारली तर हात वर करून गप्प बसवत. भिंतीवर बायकोची विमानं ओळीने टांगलेली होती, त्यांच्याकडे पाठ.

एके दिवशी शेजारची निशा दार वाजवून विचारून गेली, "काकू, दुपारचं काय दळता तुम्ही? आमच्या भिंतीला घूंऽऽ घूंऽऽ येतं. बाळ झोपत नाही."

"मी काही दळत नाही," मालनबाई म्हणाल्या. आणि खरंच, त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. बहिऱ्या नवऱ्याला येत होतं, भिंतीपलीकडच्या निशाला येत होतं, आणि चांगल्या धडधाकट कानांच्या मालनबाईंना मात्र नाही. दुसऱ्या कुणाला त्याची भीती वाटली असती. मालनबाईंना राग आला. मेल्यावरही बाई माझ्या घरात येऊन माझ्या नवऱ्याशी बोलत बसली, आणि मला आत घेत नाही!

दुसऱ्या दिवशी साईनाथराव आतल्या खोलीत आडवे झाले तशा त्या शिवणाची बारीक कात्री घेऊन टेबलाशी बसल्या. फार काही करायचं मनात नव्हतं. जरासं वैगुण्य. कापड उलटं केलं आणि डाव्या इंजिनाच्या पाठीतला दोरा कापला. मग सुईच्या टोकाने एकेक फुली उसवत गेल्या. पंखा उसवला, इंजिनाचं गोल तोंड उसवलं. दोरा इतक्या अलगद सुटून येत होता की त्यांना मनातल्या मनात बरं वाटलं. आता बघू, उडतं का.

आतल्या खोलीत खाट करकरली.

"मालन!" साईनाथरावांचा आवाज फाटला होता. "डावं बंद पडलं! डावं इंजिन बंद पडलं गं!"

मालनबाईंच्या हातून कात्री पडली. साईनाथराव दार धरून उभे होते. खाटेवरून टेबल दिसत नव्हतं, आणि कापड तर मालनबाईंच्या मांडीवर पालथं होतं. साईनाथरावांनी काहीही पाहिलेलं नव्हतं.

"अहो, स्वप्न पडलं असेल..."

"एकावर चाललंय," ते म्हणाले. "भरलेलं आहे. आत माणसं आहेत. एका इंजिनावर इतकं वजन ओढत नाही ते... हळूहळू खाली येतं."

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. गॅलरीत जाऊन कल्याणच्या दिशेला तोंड करून, कानामागे पंजा धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच.

"कुठे आहे?" मालनबाईंनी शेवटी विचारलं. न विचारून राहवेना.

"खडवलीच्या पलीकडे. लांब आहे अजून." तरुणपणी इंजिनांच्या आवाजावर काम केलेला माणूस तो. दिशा चुकायचा नाही. "पण येतंय इकडेच."

त्यापुढच्या दिवशी ते म्हणाले, "आंबिवलीवर आलं." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाले, "शहाड. आता नदी दिसत असेल त्यांना. नदीत उतरवायला बघेल चालवणारा... पण आवाज पुढेच येतोय."

स्वयंपाकघरात मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. मालनबाईंनी हात ठेवला की थांबत, काढला की पुन्हा सुरू. निशाने शेजारून विचारलं, काकू, जळकट तेलाचा वास कुठून येतोय? आणि हा वास मालनबाईंनाही आला. गरम लोखंडाचा, जळक्या तेलाचा, साईनाथरावांच्या जुन्या गणवेशाला यायचा तसा. नवरा गॅलरीतून आत यायला तयार नव्हता. "मी सोडून कुणाला ऐकू येत नाही ते," तो म्हणत होता. "मी आत कसा येऊ?" साईनाथरावांनी दोन दिवसांत पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं.

हा माणूस असा उभ्या उभ्या जाईल, हे मालनबाईंना कळलं, आणि त्यांचा हेवा त्या क्षणापुरता कुठल्या कुठे गेला.

त्या टेबलाशी धावल्या. करड्या लडी होत्याच. त्यांनी चष्मा लावला आणि डावं इंजिन भरायला घेतलं. हात कसलेला होता. भराभर फुल्या पडल्या. गोल तोंड झालं, पंखा झाला. शेवटचा दोरा मागे दडवून त्यांनी गॅलरीकडे पाहिलं.

साईनाथरावांनी मान तिरकी केली. मग दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"पंखा उलटा फिरतोय!" ते ओरडले. "कुणी जोडलं हे? उलटा फिरतोय, विमानाला मागे ओढतोय... कल्याण ओलांडलं गं. फार खाली आलंय!"

मालनबाईंनी कापड डोळ्यांशी धरलं. सगळ्या विमानाच्या फुल्या एका अंगाला कललेल्या होत्या, आणि एवढ्या एका इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला. त्यांच्या उजव्या हाताच्या.

भर दुपारी वीज गेली. छताचा पंखा मंद होत थांबला, आणि त्या शांततेत पेले आणखीच मोठ्याने किणकिणू लागले. मालनबाईंनी आपले टाके स्वतःच उसवले. मग सुई डाव्या हातात घेतली.

डाव्या हाताने त्यांनी आयुष्यात कधी भाजीसुद्धा निवडली नव्हती. पहिलाच टाका चुकला, सुई बोटात गेली. दुसरा चुकला. बाहेर साईनाथराव पुटपुटत होते, "ठाकुर्ली... पाण्याच्या टाक्या चुकव... उजवीकडे घे, उजवीकडे..." मालनबाईंना रडू फुटलं. "व्हेरोनिका," त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. ये बाई..."

निलगिरीच्या तेलाचा वास आला. इतका दाट, की डोळे झोंबले.

आणि डावा हात वळला. त्याला कुणी धरलं, असं नाही. त्याला फक्त येऊ लागलं. सुई खालून वर आली, तिरकी गेली, दुसऱ्या अंगाने येऊन तिच्यावरून गेली. फुलीमागून फुली. मालनबाई बघत होत्या आणि हात भरत होता. बोटांची पेरं उबदार झाली होती. कधी नव्हे इतकी सुरेख कामगिरी त्यांच्या हातून होत होती, आणि ती आपली नाही हे त्यांना कळत होतं. अशा वेळीसुद्धा ते त्यांना लागलं.

पंख्याचं शेवटचं पातं पूर्ण झालं.

"धरलं!" साईनाथराव ओरडले. "डाव्याने धरलं! ओढ... ओढ वर..."

गॅलरीतलं ऊन गेलं. समोरच्या इमारतीवरून एक सावली सरकत आली, रुंद, दोन्ही बाजूंना लांबलेली. ती कुंड्यांवरून, साईनाथरावांच्या पांढऱ्या डोक्यावरून, हॉलच्या फरशीवरून, मालनबाईंच्या मांडीवरच्या कापडावरून गेली. बाहेर सगळे कावळे एकदम उडाले. मालनबाईंना अजूनही काही ऐकू आलं नाही. मग ऊन परत आलं. पेले थांबले.

साईनाथराव कठड्याला टेकून रडत होते. "वर घेतलं तिने," ते म्हणाले. "काय हात आहे!"

"तिने?" मालनबाई म्हणाल्या. "तिने म्हणजे कुणी?"

"जी चालवते, तिने," ते म्हणाले, आणि आत येऊन त्यांनी पेज मागितली.

मालनबाईंनी मग वेळ घालवला नाही. चालकाच्या खिडकीशी टोचलेली सुई घेतली आणि काळ्या दोऱ्याचा तो राहिलेला शेवटचा टाका घातला. आपल्या उजव्या हाताने, आपल्या कलाने, मंडळाच्या रीतीप्रमाणे. खिडकीत डोकं आलं. संध्याकाळीच ज्यूडला फोन केला. तो येऊन घेऊन गेला, जाताना पाया पडला. दार लावून घेताना मालनबाईंच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "गेली एकदाची." जित्याची खोड म्हणतात ती हीच.

घर पूर्वीसारखं झालं. साईनाथरावांचे कान पुन्हा बंद झाले. कुकरच्या शिट्ट्या वाया जाऊ लागल्या. आरामखुर्ची मालनबाईंनी स्वतः ओढून तिच्या मूळच्या जागी, भिंतीवरच्या आपल्या विमानांसमोर आणून ठेवली. चार दिवस सुखाचे गेले.

मग एका दुपारी मालनबाई भांडी विसळत होत्या आणि हॉलमधून आवाज आला.

"मालन! अगं, इकडे ये. हे उडेल!"

हातातलं पातेलं तसंच टाकून त्या निघाल्या. पदराला हात पुसायचंही भान नव्हतं. साईनाथराव भिंतीसमोर हात मागे बांधून उभे होते. समोर मालनबाईंचं सगळ्यात जुनं विमान होतं. दोन पंखांचं, उघड्या दोन खुर्च्यांचं, एक पुढे आणि एक मागे. त्यांनी भरलेलं पहिलंच. लेक शाळेत होती तेव्हापासून ते त्या खिळ्यावर होतं.

"खरंच?" मालनबाई म्हणाल्या. इतकी वर्षं! "खरंच उडेल म्हणता?"

"आता उडेल," साईनाथराव म्हणाले. "आता आत माणूस आहे ना."

मालनबाई पुढे झाल्या.

विमानावर ऊन पडलं होतं. खिडकीतलं नव्हे. कापडातलं. सगळ्या फुल्या, एकूण एक, उलट्या अंगाला कललेल्या होत्या. मागच्या, चालकाच्या खुर्चीत काळ्या केसांचं एक इवलंसं डोकं होतं. त्यांनी ते कधी भरलं नव्हतं. त्यांनी चौकट खिळ्यावरून उतरवली आणि उलटी केली. मागचा चिकटवलेला कागद जसाच्या तसा होता, पिवळा पडलेला, कडांना धूळ धरलेली. कुणी उघडलेला नव्हता.

साईनाथरावांनी पंजा कानामागे धरला. त्यांच्या तोंडावर ते हसू आलं होतं. "चालू होतंय..." ते हळूच म्हणाले. "ऐकतेस?"

आणि या वेळी मालनबाईंना ऐकू आलं. लांबून, काचेच्या आतून, थांबत थांबत.

त्यांनी चौकट सुलटी केली. पुढच्या, प्रवाशाच्या खुर्चीत एक घर रिकामं होतं. त्याच्या कडेला, बंद काचेच्या आत, एक सुई टोचलेली होती. तिच्यात दोरा ओवलेला होता, काळा नव्हे, पांढरा. छटा ओळखण्यात मालनबाई कधी चुकल्या नव्हत्या. त्यांनी एकदा त्या दोऱ्याकडे पाहिलं, एकदा शेजारी वाकून उभ्या राहिलेल्या नवऱ्याच्या पांढऱ्या डोक्याकडे, आणि मग पुन्हा काचेत. आत वारा असायचं काही कारण नव्हतं, तरी दोऱ्याचं टोक मागच्या बाजूला उडत होतं.